अंदाजपत्रकाआधी शिवाराचे संबंधचित्र हवे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतले टंचाई आराखडे मंजूर होतात आणि आपल्यासारख्या दैनिकांतून त्यांच्या बातम्या येतात. किती गावांना टँकर लागतील, किती खासगी विहिरींचे अधिग्रहण होईल, किती नव्या विंधन विहिरी घेतल्या जातील, हे आकडे वाचकांपर्यंत पोहोचतात ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ज्या गावात नाला खोलीकरण झाले, सिमेंटचे बंधारे झाले, शेततळी झाली, ठिबकही आले, तेच गाव चार-पाच वर्षांत पुन्हा टँकरच्या यादीत का येते, हा प्रश्न त्या आराखड्यांत कुठेच उतरत नाही. मी डिझाइन हा विषय शिकवते आणि पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील काही गावांत विद्यार्थ्यांसोबत गेली काही वर्षे काम करते. त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की आपण प्रत्येक काम स्वतंत्रपणे नीट आखतो, पण त्या कामांचा एकमेकांशी आणि गावाच्या जगण्याशी असलेला संबंध कधीच कागदावर मांडत नाही. हे पत्र त्याविषयी आहे.

शेततळ्याचेच उदाहरण घ्यावे. कल्पना मुळात चोख होती. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी शेताच्या खोलगट कोपऱ्यात अडवायचे आणि पावसाने ओढ दिली की त्याच पाण्यावर पिकाला एक-दोन संरक्षित पाळ्या द्यायच्या. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली, तिच्यात ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान दिले, आणि ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल असा आकार गावोगावी परिचयाचा झाला. बाजूंना उतार धरला तर या मापाच्या तळ्यात सुमारे बावीसशे घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. खोदाईचा उतार, बांधाची जाडी, कुंपण, प्लास्टिकच्या अस्तराची जाडी, सगळ्यांची मापे ठरलेली आहेत, आणि वस्तू म्हणून या तळ्यात दोष काढणे अवघड आहे.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी झाले ते असे. तळ्याला अस्तर घातले आणि ते पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरले जाऊ लागले. पावसाळा संपता संपता भूजलाची पातळी वर असते, तेव्हा मोटार अखंड चालवून जमिनीखालचे पाणी जमिनीवर आणून ठेवायचे आणि उन्हाळ्यासाठी आपला वाटा राखून ठेवायचा, ही ज्याच्या त्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाची गोष्ट आहे. शेजारी उपसतो आहे हे दिसत असताना आपण थांबलो तर आपल्याच विहिरीचे पाणी त्याच्या तळ्यात जाणार, हेही खरेच आहे. परंतु उघड्या पाण्यावरून उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी ९०० चौरस मीटरच्या भरल्या तळ्यातून रोज सहा हजार लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. जे पाणी खडकाच्या भेगांत सावलीला होते, सर्वांचे होते आणि उडून जात नव्हते, ते आपण अनुदान देऊन उन्हात आणून मांडले.

या ठिकाणी दोष शेतकऱ्याचा आहे असे मी मुळीच म्हणत नाही, आणि आराखडा करणाऱ्या अभियंत्याचाही नाही. अभियंत्याला तळ्याचे डिझाइन करायला सांगितले होते आणि ते त्याने केले. तळे, विहीर, बोअर, फळबाग, वीज, कर्ज आणि शेजारचा माणूस यांचे मिळून जे चालते त्याचे चित्र, म्हणजेच संबंधचित्र, काढायला कुणालाच सांगितलेले नव्हते.

हे चित्र कसे दिसते ते जरा तपशिलाने सांगते. मध्ये ‘विहिरीतले पाणी’ असे लिहावे. पाणी वाढले की डाळिंबाचे किंवा द्राक्षाचे क्षेत्र वाढते, म्हणून तिकडे एक बाण जातो. बाग वाढली की उपसा वाढतो, आणि उपसा वाढला की पाणी घटते. इथपर्यंतचे वर्तुळ तसे सावरणारे आहे, कारण पाणी घटल्यावर लागवड कमी व्हायला हवी. पण तसे होत नाही, आणि का होत नाही हे बाण काढतानाच समोर येते. ज्वारी, बाजरी किंवा हरभरा एखाद्या वर्षी पेरला नाही तर एका हंगामाचे नुकसान होते. डाळिंबाची बाग मात्र काही वर्षांच्या मेहनतीने आणि कर्जाने उभी राहिलेली असते, ती एका उन्हाळ्यात वाळू देणे म्हणजे ते सगळे भांडवल गमावणे. म्हणून पाणी घटल्यावर क्षेत्र घटत नाही, बोअर खोल जातो. खोल बोअरसाठी पुन्हा कर्ज, कर्ज फेडायला पुन्हा बाग, आणि बागेला पुन्हा पाणी, असे दुसरे वर्तुळ तयार होते, आणि ते स्वतःलाच जोर देत फिरते. ठिबकने वाचलेले पाणी जमिनीत राहावे अशी आपली अपेक्षा असते, परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावता येतात, म्हणून तोही बाण याच वर्तुळात येऊन मिळतो. इंग्लंडमधील कोळशाच्या वापराविषयी अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये हेच दाखवले होते, की यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळशाचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो.

हे सारे वाक्यांत सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनात एका वेळी दोन-तीन दुवेच राहतात. माणसाची विचार करण्याची सवय सरळ रेषेची आहे, पाणी कमी आहे म्हणून तळे द्या. पाच-सात गोष्टी एकमेकींवर परिणाम करीत असतील आणि त्यांतील काही परिणाम वर्षभराने दिसणार असतील तर तोंडी चर्चा कमी पडते, चित्र लागते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अभियंते जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात अशा वर्तुळांचा, साठ्यांचा आणि प्रवाहांचा अभ्यास सुरू केला. डिझाइन आणि नगरनियोजनाचे अभ्यासक हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये मांडले की नियोजनाचे काही प्रश्न गणितासारखे सुटत नाहीत, कारण प्रश्न काय आहे यावरच लोकांचे एकमत नसते आणि प्रत्येक उपाय प्रश्नाचे रूप बदलून टाकतो. डिझाइनच्या शिक्षणात हा विचार तेव्हापासून आहे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ पासून आहे. तरीही पाण्यासारख्या विषयात डिझाइनरला बोलावले जाते ते बहुधा माहितीपत्रक किंवा बोधचिन्ह करण्यासाठी, ही खेदाची बाब आहे.

नकाशा काढण्याची प्रथा गावाला नवी नाही. पाणलोटाच्या कामात शिवार फेरी असते, तिच्यानंतर मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो. अशा एका बैठकीत पाहिलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुरुषांनी आधी ओढा काढला, मग रस्ता, मग वस्त्या. बायकांनी पिण्याच्या पाण्याच्या विहिरी दाखवल्या आणि कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते ते प्रत्येकीपुढे लिहायला सांगितले. मग बोअर दाखवण्यासाठी ज्वारीचे दाणे ठेवायला सुरुवात झाली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, पण कित्येक बोअरची नसते, त्यामुळे एकूण बोअर किती हे सरकारी कागदावरून कळत नाही. गावाला ते तुटक तुटक ठाऊक असते. दाणे वाढत गेले आणि माथ्याकडच्या एका पट्ट्यात त्यांची दाटी झाली. त्याच पट्ट्याच्या खालच्या अंगाला, ओढ्यालगत, गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. तिच्यापुढे आधी ‘मे’ लिहिले होते, एका वृद्ध बाईंनी ते पुसायला लावून ‘आता फेब्रुवारी’ असे लिहून घेतले. दाण्यांची दाटी आणि ‘फेब्रुवारी’ या दोन खुणा शेजारी शेजारी पडेपर्यंत गावात सगळे पाऊस कमी झाल्याचेच बोलत होते. पाऊस कमी झाला होता हेही खरे, पण आता चर्चा पावसावर थांबली नाही.

असा नकाशा काढण्यासाठी विशेष काही लागत नाही, आणि तरीही तो दफ्तरातल्या नकाशापेक्षा वेगळे काही दाखवतो. गावनकाशा गटांच्या हद्दींवर बेतलेला आहे. मालकी आणि वहिवाट ठरवण्यासाठी तो उत्तम आहे. परंतु महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे, आणि या खडकात पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत, तेही खडकाच्या आकारमानाच्या काही टक्क्यांइतकेच. हे थर कुठे जाड, कुठे पातळ, कुठे दोन गावांच्या हद्दीपलीकडे पसरलेले असतात. त्यांना गट नंबर नसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तिच्याकडे या थरांचे ज्ञान आहे, पण ते ज्ञान आणि रांगोळीतले ते दाणे एका कागदावर क्वचितच येतात. काही संस्थांनी गावकऱ्यांसोबत शिवाराचे, खालच्या भूस्तरांसकट, उठावाचे नमुने तयार केले आहेत, आणि आपली विहीर व शेजाऱ्याचा बोअर एकाच थरात उतरलेले आहेत हे त्यात डोळ्यांना दिसते. हे काम तालुक्यातालुक्यात व्हायला हवे.

विभागांच्या बाबतीतही हाच तुटकपणा आहे. शेततळे कृषी विभागाचे, बंधारा जलसंधारणाचा, पिण्याच्या पाण्याची विंधन विहीर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाची, पंपाची जोडणी वीज कंपनीची, बागेचे कर्ज बँकेचे. प्रत्येकाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक आणि काम पूर्ण झाल्याचे छायाचित्र आपापल्या ठिकाणी बिनचूक असते. राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण अभियानावरील, २०२० मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) अहवालात पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम झाला नसल्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकीय वाद बराच झाला. कामे झाली की नाही, पैसे कुठे गेले, हे प्रश्न रास्त आहेत, परंतु चांगल्या दर्जाचे काम होऊनही पातळी का वाढली नसेल, या प्रश्नाकडे त्या वादात फारसे कुणी वळले नाही. अडवलेल्या पाण्याइतकाच उपसा वाढला असेल तर पातळी वाढणार कशी? हा उपसा अभियानाच्या चित्रात नव्हता, कारण तो कुठल्याच विभागाचे ‘काम’ नव्हता.

विजेचा दुवा तर मला सर्वांत अधिक काळजीचा वाटतो. शेतीपंपांना ठरावीक तासच वीज मिळणे हा शेतकऱ्यांवर अन्याय होता. रात्री-अपरात्री विंचू-सापाच्या भीतीत पाणी द्यायला जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि दिवसा चालणारा सौर पंप त्यांना मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिलही माफ झाले. पण संबंधचित्र समोर ठेवून पाहिले तर विजेचे ते मोजके तास आणि ते बिल, नकळत का होईना, उपशाला लगाम घालीत होते. लगाम काढताना त्याची जागा कशाने घ्यायची, हा विचार त्याच वेळी व्हायला हवा होता. खोल विहिरींवरील कायद्याची बंदी ती जागा घेऊ शकलेली नाही. भूजलाचा २००९ चा अधिनियम राज्यात आहे, त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि तरीही बोअरची गाडी गावात रात्री येते आणि पहाटे निघून जाते, हे गावाकडच्या कुणालाही विचारावे.

ज्या थोड्या ठिकाणी हे गणित जमले तिथे काय बदलले, हे पाहिले की चित्राचा उपयोग कळतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, दरडोई अर्धा एकर भिजेल इतके पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाणलोटाची कामे केलीच, शिवाय शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळी लावायची नाही हे ठरवले, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत घालून घेतली. पर्यावरण अभ्यासक डोनेला मेडोज यांनी म्हटले होते की एखाद्या व्यवस्थेत अनुदानाची रक्कम किंवा बांधाची उंची अशी मापे बदलल्याने फारच थोडे बदलते, नियम, माहितीचा प्रवाह आणि मूळ उद्दिष्ट बदलले तर पुष्कळ बदलते. नायगावने नियम बदलला, हिवरे बाजारने नियमासोबत माहितीचा मार्ग बदलला. आपल्या बहुतेक योजना मात्र मापांवरच काम करतात, अनुदान किती हजारांनी वाढवावे, यावर.

या पद्धतीच्या मर्यादाही मी सांगितल्या पाहिजेत, कारण माझ्याच क्षेत्रात तिचा बराच गैरवापर होतो. संगणकावर दोनशे बाणांची जाळी विणता येते, ती प्रदर्शनात सुरेख दिसते आणि काढणाऱ्याखेरीज कुणालाच वाचता येत नाही. विद्यार्थी अशी जाळी घेऊन आले की मी त्यांना प्रत्येक बाणाचा साक्षीदार विचारते. उपसा वाढल्याने खालची विहीर आटली, हे कुणी पाहिले, कोणत्या वर्षी, कोणत्या विहिरीत? ज्या बाणाला साक्षीदार नाही तो तुटक रेषेने काढायचा, आणि त्याची खातरजमा होईपर्यंत त्यावर निर्णय बेतायचा नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. खडू ज्याच्या हातात त्याचा नकाशा होतो. मोठ्या बागायतदाराच्या घरी बैठक झाली तर माथ्यावरचे दाणे कमी पडतात, आणि मेंढपाळांचे पाणवठे, मजुरांच्या वस्तीचा हातपंप, हे कागदावर येतच नाहीत. म्हणून बैठक कुठे घ्यायची, कोणत्या वेळी घ्यायची, आणि बायकांनी आधी काढायचे की पुरुषांनी, हे ठरवणे हाही डिझाइनचाच भाग आहे, आणि तो तळ्याच्या उताराइतक्याच काटेकोरपणे ठरवला पाहिजे. पाणलोट क्षेत्रात काही संस्था माथा ते पायथा प्रत्येक गटावर जाऊन पती-पत्नी दोघांसमक्ष आराखडा करतात. ती रीत मला अनुकरणीय वाटते.

आणखी एक गोष्ट अनेकदा निसटते, ती म्हणजे उशीर. माथ्यावर घेतलेल्या बोअरचा परिणाम पायथ्याच्या विहिरीवर लगेच दिसत नाही, काही महिने, कधी एक-दोन पावसाळे जातात. बंधाऱ्याचा फायदा पहिल्याच वर्षी दिसतो, त्याचे छायाचित्र निघते, सत्कार होतो, आणि वाढलेल्या उपशाचा परिणाम दिसू लागेपर्यंत अधिकारी बदललेला असतो. म्हणून बाणावर किती काळ लागतो तेही लिहिले पाहिजे, आणि चित्र दरवर्षी दुरुस्त केले पाहिजे.

माझी विनंती मर्यादित आहे. केंद्र शासनाच्या अटल भूजल योजनेमुळे राज्यातील १३ जिल्ह्यांतील गावांना पाण्याचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा हे शब्द परिचयाचे झाले आहेत. ताळेबंद म्हणजे जमा आणि खर्चाचे आकडे. तो आवश्यक आहे, पण खर्च का वाढतो हे तो सांगत नाही. त्याच्या सोबतीला प्रत्येक गावाचे एक पानी संबंधचित्र जोडावे. गावात घ्यावयाच्या पाण्याशी संबंधित कोणत्याही नव्या कामाच्या प्रस्तावावर, मग तो कुठल्याही विभागाचा असो, हे काम त्या चित्रातील कोणत्या वर्तुळात पडते आणि त्याला जोर देते की आवर घालते, एवढ्या एका प्रश्नाचे लेखी उत्तर तांत्रिक मान्यतेपूर्वी मागावे. यासाठी नवा विभाग लागत नाही. कृषी विभागाचे गावपातळीवरचे कर्मचारी, भूजल यंत्रणेचे तज्ज्ञ आणि जवळच्या अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा डिझाइन महाविद्यालयातील विद्यार्थी एवढे मनुष्यबळ पुरे आहे, आणि शिकण्याच्या दृष्टीने विद्यार्थ्यांना याहून चांगले काम मिळणार नाही.

वेळेचा विचार करता २ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी सर्वांत योग्य आहे. पाऊस मोजून झालेला असतो, विहिरींची पातळी दिसत असते आणि रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणी व्हायची असते, त्यामुळे चित्र पाहून पिकांविषयी निर्णय बदलायला वाव असतो. उन्हाळ्यात टंचाई आराखडा होतो तेव्हा तो वाव संपलेला असतो. आपल्या दैनिकाने येत्या ऑक्टोबरमध्ये प्रत्येक तालुक्यातील एका गावाचे असे चित्र, गावकऱ्यांच्याच हातचे, छापावे, आणि त्याच गावाची मे महिन्यातील स्थिती त्याच्या शेजारी पुन्हा छापावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आवश्यकता भासल्यास माझे विद्यार्थी आणि मी त्यासाठी वेळ द्यायला तयार आहोत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
डिझाइनची एक शिक्षिका, पुणे